काळ्या शेळीचा फोटो

प्रश्न : मोहोळ तालुक्यात आमच्या पाच उस्मानाबादी शेळ्या आहेत. गोशाळेच्या चाऱ्यासाठी त्यांचं कॅलेंडर छापून विकायचंय. पण मोबाइलवर शेळी नुसता काळा ठिपका दिसते. काय करावं?

उत्तर : सोलापूरचं दुपारचं ऊन टाळाच. सकाळी आठच्या आत, लिंबाच्या दाट सावलीच्या कडेला शेळी उभी करा. अंगावर कवडसे नकोत. मागे आभाळ तर नकोच. ते उजळ असलं की मोबाइल उजेड कमी करतो आणि काळं अंग कोळसा होतं. उकिडवं बसून तिच्या डोळ्याच्या उंचीवर या, स्क्रीनवर डोळ्यावर बोट टेकवा, पाठीवरचे केस सुटे दिसेपर्यंत उजेड वाढवा. तोंड वळवायला शेवरीचा पाला लेन्सशेजारी धरा. ए-४ पानाच्या चांगल्या छपाईला २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की पिक्सेल कमी होतात, म्हणून छापखान्याला तो ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा.