तुमचे प्रश्न : ग्वाल्हेरचा किल्ला, त्याची चढण आणि खालचं लष्कर शहर

या वेळी जवळपास सगळ्या पत्रांत किल्लाच आहे, डिसेंबर जवळ आला की असंच होतं. पहिल्या पत्राला सविस्तर लिहितोय, बाकीच्यांना जागा उरेल तसं.

प्रश्न : नाशिकहून डिसेंबरातल्या तानसेन समारोहाला, म्हणजे संगीत महोत्सवाला, येतोय. सोबत आई-बाबा आहेत, दोघंही सत्तरीचे. सगळे म्हणतात टॅक्सी करा, उरवाईकडून वर जा, मानमंदिर महाल बघा आणि तासाभरात खाली या. एवढंच आहे का किल्ल्यावर?

उत्तर : नाही हो, एवढंच कसं असेल. आई-बाबांना टॅक्सीनेच न्या, उरवाईचा रस्ता पश्चिमेकडून थेट वर जातो, त्यांचे गुडघे वाचतील. पण तुम्ही स्वतः पूर्वेकडून पायी चढा आणि त्यांना वर भेटा, एवढं माझं नक्की ऐका. जुनं ग्वाल्हेर गाव पूर्वेच्या पायथ्याशी आहे आणि किल्ल्याची खरी वाट तिथूनच, गाडी तिथे चालतच नाही त्यामुळे गर्दीही कमी.

खाली आलमगिरी दरवाजा, आत शिरलात की गुजरी महाल, राजा मानसिंग तोमरने मृगनयनी राणीसाठी बांधलेला. आता तिथे संग्रहालय आहे, सोमवारी बंद असतं हे आधीच लक्षात ठेवा. ग्यारसपूरची शालभंजिका, म्हणजे झाडाशी उभ्या स्त्रीची मूर्ती, तिथेच आहे, मूर्ती लहानशी आहे, सहज समोर दिसली नाही तर तिथल्या माणसांना विचारा, पण बघितल्याशिवाय निघू नका, दगडात इतकं हसू मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

मग चढण सुरू. रस्ता रुंद आहे, फरसबंदी, हत्ती चढायचे म्हणून रुंद, आणि सगळ्यात वरच्या दरवाजाला हत्ती पोल म्हणतात ते तिथे पूर्वी असलेल्या दगडी हत्तीमुळे. पायाखालचा दगड इतक्या शतकांत गुळगुळीत झालाय, डिसेंबरात सकाळी दव पडलं की घसरतो, चपला घालून जाऊ नका. एका बाजूला कडा, त्यात कोरलेल्या छोट्या गुहा नि मूर्ती, दुसऱ्या बाजूला खाली जुन्या ग्वाल्हेरच्या गच्च्या, वाळत घातलेल्या चादरी, जामा मशिदीचे मिनार, आणि थोडं लांब सूफी संत मोहम्मद गौसच्या मकबऱ्याचा घुमट, त्याच्याच आवारात तानसेनची साधी समाधी. म्हणजे संध्याकाळी जिथे गाणं ऐकायला बसाल ती जागा सकाळी वरून दिसते.

आणि मग मान वर केली की मानमंदिराची पूर्वेची भिंत अंगावर येते. मानसिंगाचा काळ 1486 ते 1516, म्हणजे पाचशे वर्षं झाली, पण निळ्या टाइल्स अजून निळ्याच आहेत, त्यात पिवळ्या बदकांची ओळ, हत्ती, मगरी, केळीची झाडं, हे सगळं युद्धाच्या किल्ल्याच्या तटावर! टॅक्सीवाल्यांना ही भिंत नीट दिसतच नाही कारण ते मागून येतात, आणि म्हणून मी प्रत्येकाला पायी चढा म्हणून सांगत असतो. आत जमिनीखाली दोन मजले आहेत, मोगलांनी त्यांचा तुरुंग केला, औरंगजेबाने सख्ख्या भावाला, मुरादला, याच किल्ल्यात ठेवलं आणि 1661 मध्ये मारलं. तिथे उतरलात की वरचा निळा रंग आठवून कसंतरी होतं.

वर सासबहू मंदिर आहे, शिलालेखाप्रमाणे 1093 चं, तेली का मंदिर आहे, साधारण 30 मीटर उंच, दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे, तिथे आई-बाबांना लंगरमध्ये जेवायला बसवा, छान निवांत जागा आहे. आणि तळी बघा. लोक तळी बघतच नाहीत. हा डोंगर वालुकाश्माचा आणि सपाटीवर एकटाच उभा, बाजू कड्यासारख्या तुटलेल्या, त्यामुळे शत्रूला चढणं अवघड हे खरं, पण वर पाणी नसतं तर वेढा पडल्यावर किल्ला टिकला असता का? सूरजकुंड, जोहर कुंड, राणी ताल, एकखांबा ताल, बरीच तळी आहेत, बांधकामाला दगड काढला आणि त्या खाणींमध्येच पावसाचं पाणी धरलं. माझ्या मते किल्ल्यावरची सगळ्यात हुशारीची गोष्ट हीच आहे.

प्रश्न : इंदूरला कॉलेजात शिकतो. रीलमध्ये बघितलं की जगातलं सगळ्यात जुनं शून्य ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर आहे. खरं आहे का?

उत्तर : अर्धं खरं. याच पूर्वेच्या चढणीवर, लक्ष्मण दरवाजाच्या जवळ, चतुर्भुज मंदिर आहे, अख्खं एकाच खडकातून कोरलेलं आणि इतकं लहान की लोक बोलत बोलत पुढे निघून जातात. आत भिंतीवर शिलालेख आहे, सन 876 चा. मजकूर अगदी घरगुती हिशोबाचा : देवाच्या फुलबागेसाठी 270 हात लांब आणि 187 हात रुंद जमीन दिली, आणि माळ्यांनी रोज 50 माळा द्यायच्या. या 270 आणि 50 मध्ये शून्य आहे, छोटंसं गोल, आणि 270 हा आकडा तर आपण आज लिहितो त्याच्या इतका जवळचा आहे की लिपी न शिकलेल्यालाही ओळखता येतो.

जगातलं सगळ्यात जुनं मात्र म्हणू नका. कंबोडियात 683 चा शिलालेख सापडलाय, त्यात शून्यासाठी ठिपका आहे. पण मला विचाराल तर पहिला नंबर कोणाचा यापेक्षा इथे शून्य माळ्याच्या हिशोबात आलंय हे जास्त मोठं आहे, म्हणजे तेव्हा ही पद्धत पंडितांच्या पोथीतून बाहेर पडून रोजच्या व्यवहारात पोचली होती. मंदिराचं दार लावलेलं असलं तर रखवालदाराला नीट विचारा. आणि हात लावू नका प्लीज, फोटोही फ्लॅशशिवाय काढा.

प्रश्न : उरवाईच्या रस्त्यावरच्या मोठ्या जैन मूर्तींचे चेहरे कोणी तोडले?

उत्तर : बाबराने. 1528 मध्ये तो ग्वाल्हेरला आला होता आणि मूर्ती फोडायचा हुकूम दिल्याचं त्याने आपल्या आठवणींत स्वतःच लिहिलंय. मूर्ती पंधराव्या शतकातल्या, तोमर राजे डुंगरसिंग आणि कीर्तिसिंग यांच्या वेळच्या. पुढे जैन समाजाने काही चेहरे चुन्याने पुन्हा घडवले, जवळून बघितलं तर जोड कळतो. टॅक्सी थांबवून उतरा, काचेतून बघायच्या मूर्ती नाहीत त्या.

प्रश्न : आमचे आजोबा लष्करचे, चिटणीस की गोठमध्ये राहायचे. आता पुण्यात कोणालाच काही सांगता येत नाही. मुलांना घेऊन आलो तर आपलं असं काय दाखवू?

उत्तर : तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, खरंच. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी उज्जैनहून येऊन किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली, ती उठलीच नाही, तिचंच लष्कर नावाचं शहर झालं, आणि मराठी घरं इथे त्या छावणीबरोबर आली. मुलांना आधी महाराज बाड्यावर न्या, गोरखी बघा, शिंद्यांचा जुना वाडा आहे. मग फालके बाजार, शिंदे की छावनी असं पायी फिरा आणि पाट्या मुलांनाच वाचायला लावा, सरदारांची नावं अजून पाट्यांवर आहेत. फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे, जून 1858 मध्ये त्या इथेच पडल्या. त्यानंतर किल्ला इंग्रजांनी आपल्याकडे ठेवला तो 1886 पर्यंत, आणि परत देताना शिंद्यांकडून झाशी घेतली, हा व्यवहार मुलांना नक्की सांगा, शाळेच्या पुस्तकात नसतो.

आणि गाणं. हद्दू खां, हस्सू खां यांची, ग्वाल्हेर घराण्याची गायकी इथली, ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेली, त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आज पुण्यात तुमची मुलं गाण्याच्या परीक्षा देत असतील तर तो धागा इथून गेलाय. समारोहाच्या पहिल्या सकाळी तानसेनच्या समाधीपाशी ढोलीबुवा मठाकडून हरिकथा होते आणि मीलादही, म्हणजे पैगंबरांचं गुणगान, होतो, एकाच मांडवात. जमलं तर तीच सकाळ धरून तिकिटं काढा.

प्रश्न : ग्वाल्हेर-श्योपूर छोटी गाडी अजून चालते का?

उत्तर : नाही. दोन फुटी गेजची, साधारण 200 किलोमीटरची ती लाइन 2020 मध्ये बंद झाली, आता तिथे ब्रॉडगेजचं काम चाललंय.