हनुवटीला करंट

"मॅडम, करंट दिला की हाड वाढतं ना?" खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्याने विचारलं. वय एकोणीस. सोबत आई, साखळीहून सकाळच्या बसने फोंड्याला माझ्या दवाखान्यात आलेली. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत, लिहायला त्याची हरकत नाही.) माझं लक्ष मात्र त्याच्या जबड्याकडे होतं. दोन्ही बाजूंना रुपयाएवढे तांबूस चट्टे. आजीच्या गुडघेदुखीसाठी आणलेलं, कातडीवर पट्ट्या चिकटवून विजेचे हलके झटके देणारं टेन्स मशीन तो महिनाभर रोज रात्री जबड्याला लावत होता.

"देवळात कौलसुद्धा घेतला, पण हा ऐकत नाही," आई म्हणाली.

जबड्याची चिंता घेऊन हल्ली बरीच मुलं येतात. "काहीतरीच काय!" म्हणून त्यांना उडवून लावलं की ती पुन्हा येत नाहीत. शिवाय प्रश्न खुळा नव्हताच. हाड दाबलं की त्यात सूक्ष्म वीज निर्माण होते, हे 1957 साली जपानमध्ये फुकादा आणि यासुदा यांनी दाखवलं. 1979 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने (एफडीए) न जुळणाऱ्या फ्रॅक्चरसाठी विद्युतचुंबकीय उपकरणाला मान्यता दिली. पण ते वापरतात अडलेलं हाड जुळावं म्हणून. धडधाकट जबडा त्याने पुढे येत नाही, आकार तर नाहीच बदलत. आणि आजीचं मशीन वेगळंच: नसांना झटके देऊन दुखणं बोथट करणारं. जबड्याखाली, मानेच्या बाजूला रक्तदाब जोखणारी जागा असते. तिथे झटके बसले तर नाडी मंदावून चक्कर येऊ शकते, म्हणून मानेवर पट्ट्या लावायच्याच नसतात. हनुवटी खरंच पुढे आणायची तर सर्जन हाड कापून सरकवतात किंवा इम्प्लांट बसवतात.

हे त्याने शांतपणे ऐकलं. मग मी विचारलं, "दिवसातून किती वेळ जातो यात?"

तो गप्प. आईच म्हणाली, "न्हाणीघरातून तासभर बाहेर येत नाही." त्याने फोन पुढे केला. एका बाजूने काढलेले अकराशेवर फोटो. चवथीला आरती संपल्यावर मावसभाऊ हसत म्हणाला होता, "तुला हनुवटीच नाही रे!" तिथून सुरुवात. लहानपणापासून शिमग्याच्या रोमटामेळात ढोल वाजवणारा हा मुलगा यंदा शिगमोला घराबाहेरच पडला नाही.

मी त्याच्याच फोनने दोन फोटो काढले, एक हातभरावरून, एक पाच फुटांवरून. जवळून काढला की नाक मोठं दिसतं आणि बाकी चेहरा मागे सरकतो, लेन्सचा खेळ. वाटलं, हे पाहून त्याला जरा हायसं वाटेल. त्याने दोन्ही निरखले आणि म्हणाला, "दोन्ही वाईटच आहेत."

तिथे माझा अंदाज पक्का होत गेला. हाडाचं उत्तर पाच मिनिटांत झालं होतं, दुखणं दुसरीकडे होतं. आपल्या रूपात व्यंग आहे या विचारात माणूस असा तासन्‌तास अडकतो, त्याला बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. यात ऑपरेशन करूनही समाधान सहसा होत नाही, म्हणून सर्जनची भेट तूर्त लांबवायला सांगितली आणि बांबोळीला आयपीएचबी या मनोरुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं.

"म्हणजे वेड लागलंय का याला?" आईचा आवाज कापला. नाही हो बाई. विचार अडकतो, तो सोडवायची रीत असते. गरज पडली तर गोळ्याही असतात.

चार महिने झाले. आरसा पूर्ण सुटलेला नाही. फोटो दिवसाला दोन-तीनवर आलेत. मशीन आजीच्या गुडघ्यावर परत गेलं. पट्ट्या मात्र नव्या घ्याव्या लागल्या, जुन्यांचा चिकटपणा त्याने पार घालवला होता.