सर्टिफिकेटवर तुमचं नाव आहे, तरी बँक का अडली?

प्रश्न : वय ७१, राहणार कोथरूड. यजमानांनी १९८८ साली घेतलेला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही आणि माझे गुडघे आता साथ देत नाहीत. यजमान २०१४ मध्ये गेले. मी नॉमिनी होते, म्हणून सोसायटीने शेअर सर्टिफिकेट माझ्या नावावर केलं. सासूबाई माझ्याजवळच होत्या, त्या २०१७ मध्ये गेल्या. सासरे त्याआधीच गेले होते. हे घर ९० लाखांना विकून तळमजल्यावरचा वन बीएचके घ्यायचा आहे. दोन लाख विसारही घेतला. आता खरेदीदाराच्या बँकेचा वकील म्हणतो, सगळ्या वारसांच्या सह्या आणा. मुलगा अमेरिकेत, मुलगी नाशिकला. दोघांची हरकत नाही. दीर-नणंदेचा संबंधच नाही. मुलगा म्हणतो, नवं घर माझ्या नावावर घे, पुढची कटकट नको. इतकी वर्षं मेन्टेनन्स मी भरला, मग घर माझं नाही का?

उत्तर : काकू, तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला. सर्टिफिकेटच्या मागच्या तक्त्यात निळ्या शाईने तुमचं नाव, पुढे सह्या, त्यावर सोसायटीचा गोल शिक्का. एवढं सगळं हातात असताना कुणी वारसांचं विचारलं की वाईट वाटणारच. पण बँकेचा वकील बरोबर बोलतो आहे. नॉमिनेशनमुळे सोसायटीने कुणाशी व्यवहार करायचा एवढंच ठरतं. मालकी ठरते मृत्युपत्राने, आणि ते नसेल तर वारसा कायद्याने. सहकार कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीतही नॉमिनीला खरे वारस दाखल होईपर्यंतचा तात्पुरता सभासदच म्हटलं आहे. मेन्टेनन्स भरल्याने मालकी येत नाही.

म्हणून आधी कपाट, लॉकर, यजमानांच्या जुन्या फायली नीट चाळा. साध्या कागदावरचं, दोन साक्षीदारांच्या सह्या असलेलं मृत्युपत्र सापडलं तरी चालेल. नोंदणीची सक्ती नाही आणि पुण्यातल्या मिळकतीला प्रोबेटची, म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्रावर शिक्कामोर्तब करून घेण्याचीही नाही. त्यात फ्लॅट तुम्हाला दिलेला असेल तर पुढचं बरंचसं लागूच होणार नाही.

नसेल, तर दीर-नणंदेचा संबंध आहे. यजमान गेले तेव्हा सासूबाई हयात होत्या, आणि हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई ही पहिल्या वर्गातली वारस. त्या दिवशी घराचे चार सारखे हिस्से झाले : तुम्ही, मुलगा, मुलगी आणि सासूबाई. त्यांनीही मृत्युपत्र केलं नसेल, तर त्यांचा पाव हिस्सा तीन वाटांनी गेला : एक दिरांना, एक नणंदेला आणि एक यजमानांच्या जागी तुमच्या दोन मुलांना मिळून. म्हणजे दीर आणि नणंद यांचा प्रत्येकी बारावा हिस्सा, ९० लाखांत साडेसात लाख. सासूबाईंची सेवा तुम्ही केलीत हे मला दिसतं, पण हिशेबात ते येत नाही.

त्यांच्यापुढे "फक्त एक सही हवी आहे" म्हणत कागद सरकवू नका. अशा सह्यांवरून पुढे दावे झालेले मी पाहिले आहेत. घरी जा, आकडा सांगा, विचार करायला वेळ द्या. ते आनंदाने हक्क सोडतील किंवा हिस्सा मागतील; मागितला तर तो त्यांचा आहे, त्यात तुमचा अपमान नाही. तसं झालं तर खरेदीखतावर त्यांनी विक्रेते म्हणून सही करावी आणि चेक थेट त्यांच्या नावे निघावा.

मुलांचं हक्कसोडपत्र मात्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवूनच घ्या. मुलाला येणं जमत नसेल तर त्याने तिथल्या भारतीय वकिलातीत बहिणीच्या नावे मुखत्यारपत्र करावं. त्यात या फ्लॅटचं वर्णन आणि हक्क सोडण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा, आणि ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायला हवं. मुलगा विक्रेता म्हणून राहिला तर परदेशवासी असल्याने त्याच्या हिश्शावर टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) बराच जास्त कापला जाईल, म्हणून हक्कसोडच बरी.

करासाठी सीएला गाठा आणि १ एप्रिल २००१ च्या बाजारभावाचा व्हॅल्युअरचा दाखला काढा. कर नफ्यावर असतो, पूर्ण किमतीवर नाही, आणि नफा त्या दिवसाच्या भावापासून मोजता येतो. विक्रीनंतर दोन वर्षांत नवं घर घेतलंत तर त्यात गुंतवलेल्या नफ्यावर सूट मिळते.

आता मुलाचं म्हणणं. नवं घर तुमच्याच नावावर घ्या. करातली सूट त्यावर अवलंबून आहे आणि तुमचं छप्परही. मुलावर माझा अविश्वास नाही. पण त्याच्यावर कर्ज, घटस्फोट, काहीही येऊ शकतं आणि त्यात तुमचं घर अडकू शकतं. मुलांनी सांभाळलं नाही तर दाद मागायला ज्येष्ठांसाठी २००७ चा कायदा आहे, पण त्यासाठी प्रांतांच्या कार्यालयात खेटे घालण्याची वेळ या वयात तुमच्यावर का यावी? पुढची कटकट टाळायची तर मृत्युपत्र करा, आणि त्यात दोन्ही मुलांचा विचार करा.

विसाराचे दोन लाख खर्चू नका. विसार पावतीवरची मुदत वाढवून ती खरेदीदाराकडून लेखी घ्या. संपूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय किल्ली देऊ नका, आणि वन बीएचकेचा ताबा मिळेपर्यंत इथे राहता येईल असं कलम करारात घाला. पण या सगळ्याआधी, या रविवारी नणंदबाईंकडे जाऊन या.