बाहुलीच्या काठ्यांचा काळा रंग टिकत नाही, काय करावं?

शाळेच्या नाटकासाठी बाहुली केलीत, तिच्या हातांना सायकलच्या स्पोकच्या काठ्या लावल्या आणि काळा ऑइल पेंट दिला. चार तालमींतच रंगाचे पापुद्रे निघाले, शिवाय काठ्या दिव्याखाली चमकतात, असं तुम्ही लिहिलंय. अशा बाहुल्या मी बरीच वर्षं करतेय. या दोन्ही त्रासांतून मीही गेलेय.

स्पोकवरचा मुलामा गुळगुळीत असतो, त्यावर रंग धरत नाही. त्यात काठी सारखी लवते, मग जाड थर तडकतोच. आताचा रंग खरवडून काढा. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने धातूची चमक जाईपर्यंत घासा, थिनरने पुसा आणि मग काठीला बोटं लावू नका, बोटांचं तेलही रंगाला नडतं. मेटल प्रायमरचा एक पातळ हात द्या, वर मॅट काळ्या स्प्रेचे दोन. काळी काठी दिसली म्हणून बिघडत नाही. जपानच्या बुनराकू या पारंपरिक बाहुलीनाट्यात तर बाहुली हलवणारी माणसं काळ्या कपड्यांत प्रेक्षकांसमोरच असतात. पण काठी चमकली की मुलांची नजर बाहुलीच्या चेहऱ्यावरून हटते, आणि ते मला अजिबात चालत नाही.

एवढं करूनही जिथे तुमची बोटं फिरतात तिथला रंग जाणारच. घामाने खाली गंजही धरतो आणि त्याचे डाग बाहुलीच्या कपड्यांना लागतात. तेवढ्या भागावर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवल्यावर आटून घट्ट बसणारी प्लॅस्टिकची नळी, चढवा. साधी स्लीव्ह तापवल्यावर निम्म्या व्यासाची होते, म्हणून २ मिमीच्या स्पोकला ३ मिमीची घ्या. लांबीतही थोडी आटते, तेव्हा बोटभर जास्त कापा. काठीची टोकं वळवण्याआधीच ती ओवायची, नंतर जात नाही. तुमच्या काठ्या वळवून झाल्या असतील तर मुठीकडचं टोक सरळ करून घ्या. तापवताना काठी बाहुलीपासून सोडवून दूर न्या, फोम क्षणात पेटतो. स्लीव्ह चकाकली तर बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवा.

इन्सुलेशन टेप मात्र नको. मे महिन्यातल्या एका प्रयोगात माझ्या टेपचा डिंक पाघळला, बोटं चिकटली आणि बाहुलीचा हात अर्ध्यावरच अडकला. पहिल्या रांगेतली मुलं बघत होती, मला फार वाईट वाटलं. मुठीला बॅडमिंटन रॅकेटची ग्रिप उत्तम.

पडदा काळा नसेल तर काळ्या रंगाचा हट्ट सोडा. बाहुलीच्या झग्याच्याच कापडाची अरुंद नळी शिवून काठीवर चढवा, काठी झग्यात मिसळून जाते.

आणि मनगटातली कडी कोरीच ठेवा, रंग नको नि स्लीव्हही नको. स्लीव्ह कडीच्या दोन बोटं आधी थांबवा. कडीवर थर चढला की ती अडखळते आणि बाहुलीचा हात लाकडासारखा हलतो.