गणित दहावीनंतर सुटलं, आता इकॉनॉमिक्सचं एम.ए. झेपेल का?

तुझं पत्र मिळालं, दोनदा वाचलं. बी.ए. इकॉनॉमिक्स सोलापुरातच मराठी मिडीयमनं केलंस, पुण्यात एम.ए.ला ॲडमिशन झालंय, कॉलेज सुरू व्हायला दोन महिने आहेत, अकरावीला आर्ट्स घेतल्यापासून गणिताला हात लावला नाहीस आणि आता सिलॅबस बघून झोप उडालीय. वडील म्हणतायत एखादा क्लास लावू या का, आणि ते एम.ए. करून पुढं काय.

क्लास आत्ता नको. पैसे पुण्याच्या खर्चाला ठेवा.

घाबरलीस ते मात्र चुकीचं नाही, कारण बी.ए.ला आपण नियम लिहायचो, अपवाद लिहायचो, आकृती काढून स्पष्टीकरण द्यायचो आणि मार्क पडायचे, एम.ए.ला तीच गोष्ट गणितानं काढून दाखवावी लागते. मायक्रोत लॅग्रांज, म्हणजे मर्यादा पाळून जास्तीत जास्त काढायची रीत, मॅक्रोत सोलोचं १९५६ चं ग्रोथ मॉडेल, इकॉनोमेट्रिक्समध्ये रिग्रेशन, म्हणजे आकडेवारीतून दोन गोष्टींचा संबंध काढणं, आणि त्याच्यामागं मॅट्रिक्स. नावं वेगवेगळी असली तरी खाली दोनच गोष्टी परत परत येतात, डेरिव्हेटिव्ह (एक गोष्ट जराशी बदलली की दुसरी किती बदलते ते) आणि मॅट्रिक्स (ओळी-रकान्यांत मांडलेले आकडे). हे दोन महिने फक्त त्यांनाच दे. मोठमोठी जाड पुस्तकं आधी वाचून जायच्या नादी लागू नको, ती तिथं शिकवणारच आहेत.

ई-बालभारतीच्या साइटवर बारावी कॉमर्सचं मॅथेमॅटिक्स अँड स्टॅटिस्टिक्स, भाग १, फुकट मिळतं, इंग्रजीतलंच घे. ग्रॅज्युएट झाल्यावर बारावीचं पुस्तक काय करायचं असं मनात आणू नको. त्यात मॅट्रिक्स आहे, डिफरन्सिएशन म्हणजे डेरिव्हेटिव्ह काढणं आहे, आणि ॲप्लिकेशन्सच्या धड्यात मार्जिनल रेव्हेन्यू आणि मागणीची लवचिकता चक्क गणितानं काढलीय, जी तू बी.ए.ला पाठ केली होतीस. कुठं अडलं तर अकरावीच्या पुस्तकात मागं जा. हे महिन्याभरात उरक, मग लायब्ररीतून चियांगचं मॅथेमॅटिकल इकॉनॉमिक्स आण आणि त्यातलं पार्शल डेरिव्हेटिव्ह आणि लॅग्रांज एवढंच कर, ते बारावीत नसतं. रोज सकाळी दोन तास, वहीवर, पेननं. व्हिडिओ बघताना सगळं समजतंय असं वाटतं आणि वही उघडली की हात चालत नाही, हे मी दरवर्षी मुलांच्यात बघते.

आता लॅग्रांज तुला तुझ्या घरातूनच सांगते. घरामागं चार लूम आहेत, टॉवेल निघतात असं लिहिलंयस ना. वडिलांकडं सुताला घालायचे पैसे ठरलेलेच असतात, त्यात कुठला माल किती काढला तर जास्त सुटेल हे ते रोज बघतात, तोच हा प्रश्न. पैसे ठरलेले म्हणजे कन्स्ट्रेंट, फायदा जास्तीत जास्त करायचाय म्हणजे ऑब्जेक्टिव्ह. आणि गणितात जो लॅम्डा येतो, ज्याला बघून पोरं घाबरतात, तो एवढंच सांगतो की सुतासाठी अजून एक रुपया हातात असता तर फायदा कितीनं वाढला असता. व्यापारी सूत उधारीवर द्यायला तयार असला तर वडील मनात काय मोजतात? त्या जादा रुपयातून सुटेल ते व्याजापेक्षा जास्त असेल तरच उधारी घ्यायची. वडील लॅम्डा काढतातच, फक्त त्याला लॅम्डा म्हणत नाहीत. तू हे आकडे वहीवर मांडून बघ, एकदा जमलं की पुस्तकातलं कन्झ्युमरचं गणित त्याच वाटेनं जातं.

इंग्रजीचं म्हणशील तर तूच लिहिलंयस की घरात तेलुगू आणि शाळेत मराठी. म्हणजे दुसऱ्या भाषेत शिकायची सवय तुला पहिलीपासून आहे! एक वही कर, सीमान्त उपयोगितेसमोर मार्जिनल युटिलिटी, मक्तेदारीसमोर मोनोपॉली, असं रोज दहा शब्द. कल्पना तुला येतात, नावं बदलायची आहेत.

लॅपटॉप सेकंडहँड चालेल. त्यात आर (R) हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर टाक, फुकट आहे, आणि जमलं तर सरकारच्या पीएलएफएस, म्हणजे रोजगार-बेरोजगारीच्या सर्व्हेचा डेटा उघडून नुसता बघ, तो २०१७-१८ पासूनचा आहे. शिष्यवृत्तीचा फॉर्म महाडीबीटीवर वेळेत भर, शेवटच्या दिवशी नको.

वडिलांना सांग, इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसच्या परीक्षेला इकॉनॉमिक्सची पोस्ट ग्रॅज्युएशनच लागते, बी.ए.वर बसता येत नाही. नेट-सेट देऊन प्राध्यापकीची वाट आहेच. शिवाय आपलं गाव या विषयाला नवीन नाही. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे पहिले डायरेक्टर धनंजयराव गाडगीळ, त्यांचा सोलापूर शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीवरचा ग्रंथ १९६५ साली निघाला. पुण्यात गेलीस की लायब्ररीत तो मागून घे आणि गिरण्यांच्या काळातलं गाव आणि तुझ्या गल्लीतलं आजचं गाव शेजारी ठेवून वाच. तुझ्या वर्गात हे करू शकणारे थोडेच असतील.

मॅट्रिक्सच्या धड्यापासून उद्याच सुरू कर, अडलेल्या गणितांचे फोटो मला पाठव, कितीही पाठव. आणि लॅम्डाचं ते सुताचं गणित झालं की वडिलांना वाचून दाखव, त्यांनी त्यात जी चूक काढली ती मला लिहून कळव.