महाबळेश्वरला दोन दिवस आहोत, त्यातला एक तापोळ्याला द्यावा का?

मे महिन्यात आणि मुलांना घेऊन जाताय असं लिहिलंय, म्हणून सांगतो: अख्खा दिवस नको, सकाळ पुरे.

'मिनी काश्मीर' म्हणून तापोळ्याचे जे फोटो बघून विचारताय, ते बहुतेक दसरा-दिवाळीच्या सुमाराचे असतात. तेव्हा शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, तुडुंब असतो, झाडी थेट पाण्याला टेकते. मी गेलो मे महिन्यातच. लाँचपर्यंत पोचायला भेगाळलेल्या गाळावरून चांगलंच खाली उतरावं लागलं. समोरच्या डोंगराला पाणी ओसरल्याचा तांबडा उघडा पट्टा, पायऱ्या कोरल्यासारखा. वाटेत दगडांची एक चौकट दिसली. नावाडी म्हणाला, "घराचं जोतं आहे." 1960च्या दशकात कोयना धरण झालं तेव्हा या खोऱ्यातली गावंच्या गावं पाण्याखाली गेली. खरं सांगायचं तर बोटिंगपेक्षा ते जोतंच माझ्या लक्षात राहिलंय.

आणखी एक, तिथे उन्हाचा तडाखा बसतो. महाबळेश्वर 1372 मीटरवर, तापोळा जेमतेम त्याच्या निम्म्या उंचीवर. अंतर पंचवीस-तीस किलोमीटरच, पण सगळा वळणांचा घाट. मुलांना गाडी लागत असेल तर भरल्या पोटी निघू नका.

धरणाची भिंत तिथे शोधू नका (आम्ही शोधली!). ती पार दक्षिणेला, पाटण तालुक्यात कोयनानगरला आहे. तापोळ्याला दिसतो तो जलाशयाचा वरचा भाग, जिथे सोळशी नदी कोयनेला मिळते. आदल्या दिवशी क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात नक्की जा. गोमुखातून पडणाऱ्या त्या बारीक धारेत कोयनाही मानतात. दुसऱ्या दिवशी तीच नदी शंभर टीएमसीहून मोठ्या जलाशयात बघताना मुलांना मजा वाटेल. यातलं बरंचसं पाणी बोगद्यांतून कोकणात उतरतं, वीज तयार करतं आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. एरवी ते कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात गेलं असतं.

वासोटा किल्ल्याचा मोह या खेपेला टाळा. लाँच, वनखात्याची परवानगी आणि जंगलातली चढण मिळून दिवस जातो.

बोटीत लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं आहे का, तेवढं बसण्याआधी बघून घ्या. आम्हाला मोठ्यांचीच मिळाली होती, धाकटीच्या गळ्यातून ते सारखं वर सरकत होतं.