सांगताना हसतात, वाचताना का नाही?

प्रश्न: ताईच्या लग्नातला मामांचा किस्सा मी सांगितला की घरातले पोट धरून हसतात. तोच लिहून फॅमिली ग्रुपवर टाकला तर फक्त दोन अंगठे आले. वाक्य असं होतं, 'आमचे मामा फारच वेंधळे आणि विनोदी, लग्नात त्यांनी नुसती धमाल उडवून दिली.' काय चुकतंय? (एक वाचक, सांगली)

उत्तर: किस्सा चांगलाच असणार, पण या वाक्यात तो आलेलाच नाहीये. सांगताना तुम्ही मामांची नक्कल करता, मध्येच थांबता, हात वर करून दाखवता, शिवाय ऐकणाऱ्यांनी मामांना पाहिलेलं असतं. कागदावर यातलं काहीच नाही, उरलं काय तर 'विनोदी' आणि 'धमाल', म्हणजे निकाल तुम्हीच लावून टाकला आणि वाचकाला बघायला काही ठेवलंच नाही. मामांनी नेमकं काय केलं ते लिहा. समजा असं:

'मामांनी शेरवानी भाड्याने आणलेली, बाही चार बोटं लांब. मंगलाष्टकांना अक्षता टाकायला हात वर केला की निम्मे तांदूळ बाहीतून थेट कोपरापर्यंत. मग पंगत बसली, मामा आग्रह करायला निघाले, "घ्या हो, लाजू नका" म्हणत वाकले, आणि विहीणबाईंच्या श्रीखंडावर पडल्या मघाच्या अक्षता.'

यात वेंधळेपणाचं नावही नाही, तरी मामा दिसले ना? बाही आधी सहज येऊन गेली, तिथे कोणी हसत नाही, पण वाचकाच्या डोक्यात ती राहते आणि नंतर कामाला येते. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, तपशील नुसता सजावटीला नको, त्याने पुढे काहीतरी करायला हवं. आणि शेवटचं वाक्य बघा. 'अक्षता श्रीखंडावर पडल्या' असं लिहिलं असतं तर व्याकरणात बरोबरच आहे, पण मग वाक्य 'पडल्या'वर संपतं आणि गंमत मधेच निघून जाते. बोलताना आपण सर्रास क्रियापद आधी टाकून खरी गोष्ट शेवटाला ठेवतो, मग लिहिताना ते का सोडायचं? फक्त दर ओळीत नको, युक्ती कळायला लागते.

अजून एक, सांगणाऱ्याने स्वतः हसायचं नाही. चि. वि. जोशींच्या विनोदी कथांतला चिमणराव आपल्या घरातले गोंधळ किती मनापासून, किती गंभीरपणे सांगतो! त्याला त्यात हसण्यासारखं काही दिसतच नाही म्हणून आपण हसतो. त्यामुळे उद्गारचिन्हांची रांग आणि हसरे इमोजी आधी काढून टाका.

प्रश्न: पात्राचं वर्णन किती करावं? मी नाक, डोळे, केस, कपडे सगळं पहिल्याच परिच्छेदात देते, मैत्रीण म्हणते कंटाळा येतो. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: मैत्रिणीचं बरोबर आहे. एक-दोन गोष्टी निवडा आणि माणूस काहीतरी करत असताना द्या. 'काकू कंजूष होत्या' यापेक्षा काकू मिठाईच्या खोक्याची सुतळी गाठ सोडवून, बोटाला गुंडाळून, ड्रॉवरमध्ये ठेवतायत आणि पाहुणा तोवर पेढ्याकडे बघत बसलाय, एवढं पुरे. नाकाचा आकार गोष्टीत कुठे लागत नसेल तर राहू दे.

आणि एक कळकळीने सांगते, जाडेपणा, काळा रंग, तोतरेपणा यावर हशा घेऊ नका. ते सोपं आहे आणि फार वापरून झालंय, शिवाय वाचणाऱ्यांत तसा कोणीतरी असतोच. माणसाच्या सवयीवर, हट्टावर, बढाईवर लिहा, तिथे खूप काही आहे.

प्रश्न: गोष्ट मालवणीत लिहिली तर जास्त विनोदी होईल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: तुमच्या घरची भाषा असेल तर जरूर लिहा, संवादांत तर हवीच. पण बोली म्हणजेच विनोद असं धरून चालू नका. पु. लं.च्या 'म्हैस' या कथेमध्ये घटना एवढीच की एसटीच्या वाटेत म्हैस येते, पुढे मजा येते ती प्रत्येक जण आपापल्या स्वभावाप्रमाणे त्यावर बोलतो म्हणून. तुमचा संवाद एकदा प्रमाण मराठीत लिहून बघा. तरी हसू आलं तर तो मालवणीत अजून खुलेल, नाहीतर आधी प्रसंगच बदला.